आरोपी नंबर दोन: आमच्या सासूबाई

संतपूरला सून होऊन मला पंधरा वर्षं झाली, पण कर्नाटकाच्या सरकारी कागदावर माझ्या नावापुढं ‘राहणार संतपूर’ असं पहिल्यांदा लिहिलं ते पोलिसांनी. त्याआधी कुणाला तशी गरज वाटली नव्हती. माझं माहेर उदगीरकडचं, म्हणजे सरहद्दीच्या पलीकडं. आधार कार्ड तिथल्याच पत्त्याचं राहिलं होतं. मतदानालासुद्धा मी तिकडंच जायची आणि आईच्या हातचं जेवून यायची.

पत्ता बदलायला इथला पुरावा पाहिजे, आणि माझ्या दृष्टीनं खरा पुरावा एकच होता, तो म्हणजे घरच्या रेशन कार्डावर माझं नाव. ते कार्ड सासूबाईंच्या लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. माझ्या मोठ्या जावेचं नाव त्या कार्डावर लागलं आणि वर्षाच्या आत तिनं वेगळं कार्ड काढून वेगळी चूल मांडली. तेव्हापासून सासूबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं की सुनेचं नाव कार्डावर चढलं की सून घरातून उतरते. मी तीनदा मागितलं. तिन्ही वेळा “बघू” म्हणाल्या. दुसरे पुरावेही चालले असते, हे मला ठाऊक होतं. पण मला तेच पाहिजे होतं, आणि चौथ्यांदा मागायचं नाही असंही मीच ठरवलं होतं. माझा राग असाच आहे, एकदा बसला की पाय पसरतो.

पुढं कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. अट एकच, ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे. आमच्या मार्गावरचे जुने कंडक्टर मला ओळखायचे. मी चढले की कार्ड न बघताच शून्याचं तिकीट हातात द्यायचे. मी काही बोलायची नाही. सरकारला फसवतेय असं मला कधी वाटलं नाही, कारण संतपूरची धूळ मीच झाडत होते.

मग एक नवा कंडक्टर आला. शेजारच्याच गावचा, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट आणि नियमाचा पक्का. त्या दिवशी मी आणि सासूबाई बीदरला निघालो होतो, त्यांचा अधू झालेला डोळा दाखवायला. त्यानं माझं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“अक्का, हे महाराष्ट्राचं हाय. तिकीट घ्यावं लागंल.”

मी पिशवीत हात घालणार तेवढ्यात सासूबाई उठल्या. “पंधरा वर्षं झाली माझ्या घरात भाकरी थापायलीय. ती महाराष्ट्राची कशी?”

“मला कार्ड बघायचंय अम्मा, भाकरी न्हाई.”

हे त्यानं बोलायला नको होतं. सासूबाईंनी दारात जाऊन दोन्ही दांड्या धरल्या आणि जाहीर केलं की सून फुकट जाईल न्हाईतर गाडी हलणार न्हाई. गाडी तर हलत होतीच. त्यानं घंटी वाजवली, मला म्हणाला, “उतरा दोघी.” भर फाट्यावर, उन्हात, चाळीस माणसांसमोर. पुढं झटापट झाली, ब्रेक लागला, आणि त्याच्या गळ्यातलं तिकिटाचं मशीन खाली पडून फुटलं. मशीनचा पट्टा माझ्या हातात कसा आला, ते नंतर सांगते. वकिलाच्या संगतीत राहून मला ही सवय लागली आहे.

गाडी सरळ पोलीस ठाण्यात गेली. कंडक्टरचाही इलाज नव्हता. मशीन सरकारी, त्याला वर जाब द्यावा लागणार होता. सासऱ्यांना फोन गेला आणि ते शेतातून तसेच, चिखलाच्या पायांनी आले.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या भागात भांडण मिटवायचं असलं की एका घरचं वडीलधारं माणूस हात जोडून म्हणतं, “आमचं चुकलं.” समोरच्या वडीलधाऱ्यानं लगेच म्हणायचं, “छे छे, आमचंच चुकलं.” पहिला पुन्हा म्हणतो, “न्हाई, आमचंच.” असं तीन-चार वेळा झालं की कुणीतरी चहा सांगतं आणि भांडण संपतं. नेमकं काय चुकलं, हे कुणी विचारत नाही. विचारणं असभ्यपणाचं समजतात. बापाला मारणारा मुलगा आणि मार खाणारा बाप, दोघंही याच वाक्यावर सुटलेले मी पाहिलेत.

सासऱ्यांनी ठाण्यात पाऊल टाकलं आणि हात जोडले. “साहेब, आमचं चुकलं. सून शाळेत शिकवती, यंदा कायम व्हायलीय. पदरात घ्या.”

कंडक्टर आमच्याच मातीतला. तो चटकन उभा राहिला. “न्हाई हो अप्पा, माझं बी जरा—”

हवालदार ओरडला, “तू फिर्याद द्यायलास का माफी मागायलास? बस खाली!”

तो बसला. पण सासऱ्यांचं वाक्य मात्र हवालदारानं उचललं. थोड्या वेळानं माझ्यापुढं कानडीत लिहिलेला कागद आला आणि त्याखाली सही करायला सांगितलं. मी कानडी बोलते झोकात, पण वाचते दुसरीतल्या पोरासारखी. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. त्यानं कंटाळत वाचलं. त्यात मी म्हणत होते की मी रागाच्या भरात कंडक्टरच्या अंगावर जाऊन मशीन हिसकावून फोडलं आणि माझं चुकलं.

“हे मी कधी बोलले?”

“तुमचे मामा बोलले की.”

“मग मामांची सही घ्या.”

सासरे खरंच सही करायला पुढं झाले होते. मी त्यांना सदरा धरून मागं ओढलं. सून म्हणून तो माझा पहिला उद्धटपणा, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. शेवटी सही झाली नाही. सासऱ्यांनी शेताची पहाणी, म्हणजे महाराष्ट्रातला सातबारा, लावून आमचा जामीन दिला आणि अंधार पडायच्या आत आम्ही घरी आलो. डोळा दाखवायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी एफआयआरची नक्कल हातात आली. त्यात लिहिलं होतं, आरोपी नंबर एक, म्हणजे मी, राहणार संतपूर. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बसमध्ये मी महाराष्ट्राची होते आणि ठाण्याच्या पायरीवर कर्नाटकाची झाले. त्याखाली आरोपी नंबर दोन, सासूबाई. सरकारी कामात अडथळा आणि नुकसान, अशी कलमं होती.

सासूबाईंना कलमांचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. “घरात मी थोरली. हितं ही एक नंबर कामून?”

मी म्हटलं, “आत्याबाई, हा मान नव्हे.”

“मग मला एक नंबर कर म्हणावं त्यास्नी.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण शाळा. गावच्या मराठी शाळेत मी नऊ वर्षं तात्पुरती बाई म्हणून शिकवत होते. तात्पुरती म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, आणि दर एप्रिलमध्ये ‘बघू’. सासूबाईंच्या आणि शाळेच्या ‘बघू’त फारसा फरक नव्हता. यंदा पहिल्यांदा संस्थेनं मला कायम करायचं ठरवलं होतं, आणि कागदांच्या यादीत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला होता. मी जाऊन सगळं सांगितलं. लपवलं असतं तर पुढं जास्त महागात पडलं असतं. मुख्याध्यापक म्हणाले, “केसचा निकाल लागेपर्यंत जागा धरून ठेवू. पण बाई, शिक्षा झाली तर आमचा नाइलाज आहे. दंड झाला तरी ती शिक्षाच.”

म्हणजे माझी नोकरी आता एका फुटक्या मशीनवर अडकली होती.

गावात सल्ला द्यायला एक तज्ज्ञ होते. वकील नव्हे, आरोपी. त्यांच्यावर आजवर अकरा केसेस झालेल्या, कोर्टात त्यांचा बाक ठरलेला, आणि ते कोर्टाबद्दल असं बोलायचे जसं लोक सासुरवाडीबद्दल बोलतात. स्वतःहून घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “एवढ्याशा केसला वकील कशाला? तारखेला जायचं, कबूल म्हणायचं, किरकोळ दंड भरायचा, दुपारच्या गाडीनं घरी. मी सात वेळा तसंच केलंय.”

“आणि तुमच्या नावावर सात शिक्षा लागल्या,” मी म्हटलं.

“त्यानं काय व्हतंय? मला काय मास्तर व्हायचंय?”

घरात सगळ्यांना हा सल्ला पटला. माझा नवरा गुलबर्ग्याच्या एका डाळ मिलमध्ये कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्यानंही फोनवर तेच सांगितलं, “कबूल म्हण आणि मिटव.” मी फोन ठेवला. मी चिडले होते, कारण मिटणार होतं ते सगळ्यांचं आणि जाणार होती ती माझी नोकरी.

तालुक्याच्या कोर्टात मला कळलं की बाई असली की सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग ती गरीब असो नाहीतर पाटलाची. हे मला तिथल्या झाडाखाली अर्ज लिहिणाऱ्यानं सांगितलं. एवढी मोठी गोष्ट नऊ वर्षं शिकवून मला ठाऊक नव्हती, आणि मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवत होते. अर्ज केला आणि एक तरुण वकीलबाई मिळाल्या. काळा कोट, पायात स्पोर्ट्सचे बूट, बोलणं कानडी-मराठी-दखनीची मिसळ.

त्यांनी आधी ठाण्यातला प्रकार ऐकला. म्हणाल्या, “सही नाही केली, बरं केलं. तशीही पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. आणि पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला तरी तो कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.”

सासऱ्यांना वाईट वाटलं. “म्हंजे मी हात जोडले ते फुकटच?”

“पूर्ण फुकट,” वकीलबाई म्हणाल्या.

मग मी बसमधली हकिगत अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतली. पट्ट्यापाशी आले आणि त्यांनी हात वर केला. “थांबा. तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही. सिद्ध करायचंय ते सरकारनं. कागद कानडीत आहेत, पण आरोप तुम्हाला कळेल अशा भाषेत समजून घ्यायचा तुमचा हक्क आहे, ते मी कोर्टाला सांगेन. आणि तुमच्याच विरुद्ध जाईल असं काही तुम्हाला कुणी बोलायला लावू शकत नाही. तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे. दोघींनाही.”

सासूबाईंनी पदर सावरला. “मला? गप्प बसायचा?”

“हो अम्मा.”

सासऱ्यांनी खाली मान घालून मिशीत हसू दाबलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, त्यांनी हा हक्क बायकोला द्यायचा कधी विचारही केला नव्हता.

मला मात्र ते पचायला जड गेलं. वर्गात खिडकीची काच फुटली की मी विचारते, “कुणी फोडली? उभं राहा.” कुणी उभं राहिलं नाही की सगळ्या वर्गाला उभं करते. म्हणजे पुरावा नाही, वकील नाही, निरपराधांनाही शिक्षा. इतकी वर्षं मी ठाण्यापेक्षा वाईट कारभार केला होता. आणि आता काच माझ्याकडून फुटली तर मला सांगत होते, बसून राहा.

पहिल्या खऱ्या तारखेला काय होणार, ते वकीलबाईंनी समजावलं. न्यायाधीश मॅडम आरोप सांगतील आणि विचारतील, गुन्हा कबूल आहे का. दोघींनी म्हणायचं, कबूल नाही. एवढंच. तीन दिवस मी चुलीपुढं सासूबाईंची उजळणी घेतली.

“मॅडम विचारतील, गुन्हा कबूल हाय का. तुम्ही काय म्हणणार?”

“चुकलं म्हणणार.”

“आत्याबाई!”

“अगं, येवढं मोठं माणूस खुर्चीवर बसलेलं. त्याला तोंडावर न्हाई म्हणायचं? शोभतंय का?”

“मला तर रोज तोंडावर न्हाई म्हणता.”

“तू कुठं खुर्चीवर बसलीस?”

भाकरी परातीत गरगर फिरत होती आणि मी कपाळ धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्या तीनदा ‘कबूल न्हाई’ बरोबर म्हणाल्या. चौथ्यांदा पुन्हा हात जोडले.

तारखेला आम्ही सकाळच्या बसनं गेलो. त्या वेळी एकच बस आहे, त्यामुळं कंडक्टरही त्याच बसमध्ये होता, प्रवासी म्हणून. फिर्यादी पुढं आणि आरोपी मागं. मी तिकीट काढलं, सासूबाईंनी शून्याचं घेतलं. कोणीच कोणाकडं बघत नव्हतं. उतरताना मात्र सासऱ्यांनी त्याला “शरणु” म्हणून नमस्कार केला आणि त्यानंही केला, रीत ती रीत.

कोर्ट मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. आमच्या सातवीच्या वर्गाएवढं. पंखा तसाच, बाकंही तशीच, आणि मागच्या बाकावर अकरा केसेसवाले आमचे तज्ज्ञ, कुणाच्या तरी केसला, आरामात. नाव पुकारलं. आम्ही दोघी पुढं उभ्या राहिलो. न्यायाधीश मॅडमनी आरोप कानडीत सांगितला. वकीलबाईंनी उठून सांगितलं की एक नंबरच्या आरोपीला मराठी नीट कळतं, आणि मॅडमच्या परवानगीनं मला तो मराठीतून समजावला. मग प्रश्न आला.

“कबूल नाही,” मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

मग मॅडम सासूबाईंकडं वळल्या. सासूबाईंनी वर बघितलं. खुर्ची उंच होती. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे दोन्ही हात जुळले आणि त्या म्हणाल्या, “चुकलं साहेब.”

 मागं तज्ज्ञांनी समाधानानं मान हलवलेली मला न बघता कळली. वकीलबाई उठायला लागल्या, पण मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं. पेन खाली ठेवलं आणि सासूबाईंना कानडीत, शांतपणे, आमच्या भागात कुणी कुणाला विचारत नाही ते विचारलं. “अम्मा, काय चुकलं?”

सासूबाई गडबडल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मॅडमकडं. आणि मग बोलायला लागल्या, कानडीत, आणि मला शब्द न् शब्द कळत होता.

“सुनेचं नाव मी कार्डावर लावू दिलं न्हाई, ते चुकलं. थोरली नाव लावून वेगळी निघाली, ही बी निघंल असं वाटलं मला. तीनदा मागितलं हिनं. मी कार्ड पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरंला. पंधरा वर्षं हिनं माझं केलं आणि मी हिला पाव्हणी ठेवलं. नाव लावलं असतं तर हिचं आधार हितलं झालं असतं, आणि त्या पोरानं हिला तिकीट मागितलं नसतं. ते माझं चुकलं.” मग त्यांनी श्वास घेतला, हात सोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बाकी ते मशीन-बिशीनचं कबूल न्हाई.”

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचलून लिहिलं आणि सांगितलं की दोन्ही आरोपींना गुन्हा कबूल नाही. मी रडत होते, आणि कोर्टात रडणाऱ्या बाईकडं सगळे गुन्हेगार म्हणूनच बघतात हे कळत असूनही मला थांबता येत नव्हतं. रागाला पाय पसरून बसायला आता जागाच उरली नव्हती, आणि त्याचंही मला वाईट वाटत होतं.

त्या संध्याकाळी पेटी उघडली. रेशन कार्ड माझ्या मांडीवर पडलं. सासूबाई म्हणाल्या, “सगळ्या कोर्टासमोर बोलले, घरात पुन्हा बोलायला लावू नको.”

केस मात्र चालू राहिली. तारखा पडत गेल्या. साक्षीला पोलिसांना चाळीस प्रवाशांतले दोनच मिळाले. एकानं सांगितलं, मी झोपलो होतो. दुसऱ्यानं सांगितलं, मी खिडकीतून लोकांची तूर बघत होतो. मग कंडक्टरची पाळी आली. इस्त्रीचा शर्ट तसाच. सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, वाद झाला, झटापट झाली, मशीन पडलं. मग आमच्या वकीलबाई उठल्या.

“मशीन पडलं तेव्हा गाडी थांबत होती?”

“व्हय.”

“ब्रेक लागला होता?”

“व्हय.”

“मशीन बाईंनी ओढलं की धक्क्यानं सुटलं, हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली फरशीकडं. 

“न्हाई सांगू शकत,” तो म्हणाला.

परत येताना पुन्हा एकच बस. तो पुढं, आम्ही मागं. गाडी सुटली आणि मला राहवेना. मी सासूबाईंच्या कानाशी लागले.

“आत्याबाई, पट्टा मीच ओढला होता. ब्रेक नंतर लागला.”

“ठाऊक हाय.”

“ठाऊक हाय?”

“मी बाजूलाच हुते की. एक डोळा अधू हाय माझा, दोन न्हाई.”

“मग इतके दिवस बोलला नाहीत?”

“वकीलबाईनं सांगितलं न्हवं, गप्प बसायचा हक्क हाय म्हणून.” त्यांनी पिशवीतून फुटाण्याची पुडी काढली. “मला कुणी काय दिलं तर मी वापरते.”

मग पुढच्या बाकाकडं बोट करून म्हणाल्या, “मला सांगून काय उपेग? त्याला सांग.”

मी म्हटलं, केस चालू आहे, निकालाआधी असं काही बोलायचं नाही असं वकीलबाईंनी बजावलंय. हे खरं होतं. आणि मला ते फार सोयीचंही होतं, हेही खरं.

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन दोघी निर्दोष. शाळेनं मला कायम केलं. आधारवर संतपूर आलं. अपिलाची मुदतही गेली, आणि एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही हे मी वकीलबाईंना दोनदा विचारून घेतलं. त्यांनी दुसऱ्यांदा संशयानं माझ्याकडं पाहिलं, पण विचारलं काही नाही.

मग एका सोमवारी शाळेच्या कामानं बीदरला निघाले आणि बसमध्ये तोच कंडक्टर. गळ्यात नवं मशीन. मी नवं कार्ड पुढं केलं. त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं, अगदी पहिल्यासारखंच. तो शून्याचं तिकीट काढायला लागला आणि मी हात जोडले.

“दादा, माझं चुकलं. पट्टा मीच ओढला होता.”

आता त्यानं काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. छे छे अक्का, माझंच चुकलं, मी मधेच उतरवायला नको होतं. मग मी पुन्हा माझंच म्हणणार होते. मी तयार होते. बसमध्ये दहा-बारा माणसं बघत होती, त्यांनाही पुढचं वाक्य पाठ होतं.

त्यानं मशीनमधून तिकीट फाडलं.

“व्हय,” तो म्हणाला. “ओढला होता तुम्ही.”

पुढं काही नाही. मी हात जोडून तशीच उभी. म्हणजे कोर्टात ‘न्हाई सांगू शकत’ म्हणाला तेव्हाही त्याला ठाऊक होतं, आणि शाळेचंही ठाऊक होतं, सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ठाण्यात सांगितलं होतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ज्याला उत्तर म्हणून ‘व्हय’ मिळालं आहे अशा माणसानं पुढं काय म्हणायचं, हे आमच्याकडं कुणी शिकवलेलं नाही.

त्यानं तिकीट माझ्या जोडलेल्या हातांत खोचलं.

“सरका अक्का,” तो म्हणाला. “मागं लोक चढायलेत.”